वादळानंतर किनाऱ्यावरची पाहणी: आधी पाण्याच्या खुणा, मग तुटलेला किनारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठं वादळ होऊन चार दिवस झाले. किनाऱ्यावरच्या सहा वस्त्यांत जाऊन पाणी कुठवर आलं, किती चढलं आणि किनारा किती तुटला याची नोंद करायची आहे. हाताशी एक आरटीके जीएनएसएस संच (उपग्रहांच्या मदतीने जागा आणि उंची सेंटिमीटरपर्यंत मोजणारं उपकरण), एक छोटा ड्रोन आणि तीन माणसं आहेत. जवळपास भरतीमापक नाही. सुरुवात कुठून करायची, आणि आपण दिलेले आकडे पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून काय सांभाळायचं?

पहिले दोन दिवस ड्रोन पेटीतच राहू द्या. वादळानंतर सगळ्यात आधी पुसली जाते ती पाण्याची खूण. पाणी ओसरलं की लोक भिंती धुतात, गाद्या-कपाटं बाहेर काढतात, चिखल खरवडून टाकतात, आणि त्यांनी ते करायलाच हवं. त्यात पावसाची एक दणदणीत सर आली की बाहेरच्या खुणाही जातात. चौथ्या दिवशी बऱ्याच गेलेल्या असतील, दोन आठवड्यांनी शोधूनही सापडणार नाहीत. तुटलेला कडा मात्र पुढच्या महिन्यातही तिथेच असतो. तेव्हा आधी पाणी, मग किनारा. याला एकच अपवाद म्हणजे वाळूची पुळण, तिच्याकडे नंतर येतो.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. ‘पाणी ४ मीटर चढलं’ हे वाक्य अर्धवट आहे. कसलं पाणी, कोणत्या शून्यापासून ४ मीटर आणि किती खात्रीने, या तीन प्रश्नांची उत्तरं सोबत नसतील तर तो आकडा पाच वर्षांनी कुणी वापरणार नाही, आणि वापरला तर चुकीचा वापरेल. माझ्या मते निम्मे पाहणी-अहवाल इथेच वाया जातात. उपकरणं उत्तम असतात, आकडे तीन दशांशांपर्यंत दिलेले असतात, पण ती उंची घराच्या आत स्थिरावलेल्या पाण्याची की समोर आदळलेल्या लाटेची, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी ‘कसलं पाणी’ ते घेऊ. वादळात समुद्राची पातळी काही तास एकूणच फुगते, यालाच फुगवटा म्हणतात. हवेचा दाब उतरल्यामुळे ती थोडी वर येते, साधारण १ हेक्टोपास्कलला १ सेंटिमीटर. पण खरा जोर वाऱ्याचा. तो उथळ समुद्रातलं पाणी किनाऱ्याकडे रेटतो. त्यात भरती मिसळते. लाटा फुटताना किनाऱ्याशी पाणी साचतं त्याची आणखी भर पडते. या सगळ्याची मिळून एक पातळी तयार होते आणि तिच्यावर लाटा उसळत असतात. उतारावर लाट त्या पातळीच्या मीटर-दोन मीटर वर सहज धावून जाते. म्हणून समुद्राकडे तोंड असलेल्या उतारावरची कचऱ्याची रेघ आणि त्याच्या मागच्याच घरातल्या भिंतीवरची चिखलाची रेघ यांत मीटरभराचा फरक आला तर गोंधळून जाऊ नका. दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्यांची सरासरी काढणं तेवढं टाळा.

२००५ च्या कॅटरिना वादळात मेक्सिकोच्या आखातावरचे कित्येक भरतीमापक बंद पडले, आणि फुगवटा किती होता हे मुख्यतः अशा खुणांवरूनच ठरवावं लागलं. मिसिसिपी राज्यातल्या पास क्रिश्चन इथे २७.८ फूट, म्हणजे जवळपास साडेआठ मीटरची खूण मिळाली. त्या पाहणीतही इमारतीच्या आतल्या खुणा स्थिर पातळीच्या मानल्या गेल्या, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या खुणांमध्ये लाटांचा भाग असू शकतो असं धरलं गेलं. म्यानमारमध्ये २००८ च्या नर्गिस वादळानंतर इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशात गेलेल्या पथकालाही खुणांवर आणि लोकांच्या सांगण्यावरच काम भागवावं लागलं. तिथे फुगवटा सुमारे ५ मीटर आणि त्यावर २ मीटरच्या लाटा, अशी फोड करता आली. ती फोड झाली म्हणूनच तो आकडा पुढे मॉडेलमध्ये, म्हणजे फुगवट्याच्या संगणकी गणितात, घालण्याजोगा ठरला.

आता प्रत्यक्ष खुणा. सगळ्यात भरवशाची म्हणजे बंद खोलीतली बारीक रेघ. पाणी दारा-खिडक्यांच्या फटींतून हळूहळू शिरतं, त्यामुळे आत लाट नसते, आणि तरंगणारं बी, गवताचे तुकडे, भुसा वरच्या पातळीला भिंतीला चिकटून राहतात. ही रेघ अगदी एका पातळीत असते आणि तिची जाडी काही मिलिमीटरच असते. चिखलाची रेघ त्याखालोखाल. पण प्लास्टर, विटा, प्लायवूड, पडदे यांच्यावरच्या ओलीवर विसंबू नका. त्या वस्तू पाणी वर शोषतात. भिंतीवरचा ओला डाग खऱ्या पातळीच्या हातभर वर गेलेला असू शकतो. त्याच खोलीत खिडकीची काच, फरशीच्या टाइल्स, लोखंडी कपाटाची बाजू, स्विचबोर्डची आतली बाजू पाहा. तिथे रेघ मिळाली तर ती धरा. फ्रिजवर रेघ मिळाली तर आधी विचारा की फ्रिज तरंगला होता का. रिकामा फ्रिज पाण्यात सहज उचलला जातो, आणि मग त्यावरची रेघ पाण्याची उंची नव्हे, तर फ्रिज किती बुडाला ते सांगते.

घराचंही तसंच. लाकडी, हलकी, खांबांवर उभी असलेली घरं पायावरून उचलली जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर हालाँग वादळाच्या अवशेषांनी किपनुक आणि क्विगिलिंगॉक या गावांतली घरं अक्षरशः तरंगत नेली. अशा घराच्या भिंतीवर कितीही सुरेख रेघ असली तरी उंचीसाठी ती निरुपयोगी आहे. मात्र घर मुळात कुठे होतं आणि कुठे जाऊन टेकलं, या दोन्ही जागा जरूर टिपा. प्रवाहाची दिशा आणि जोर समजायला त्यासारखी नोंद नाही.

बाहेरच्या खुणांत कचऱ्याची रेघ सगळ्यात आधी नजरेत भरते आणि सगळ्यात जास्त फसवते. एकाच उतारावर तीन-चार रेघा असू शकतात. पाणी उतरताना जिथे जिथे थबकलं तिथे एकेक रेघ राहते. सगळ्यात वरची, सलग जाणारी रेघ घ्या. झाडाच्या फांद्यांत अडकलेला कचरा घेऊ नका, घेतलाच तर ‘लाट’ असं लिहून घ्या. फांदी पाण्याच्या भाराने वाकते आणि नंतर सरळ होते, त्यामुळे तो कचरा खऱ्या पातळीपेक्षा वरही दिसू शकतो. झाडाच्या सालीवर तरंगत्या ओंडक्यांनी घासलेले ओरखडेही लाटेतच जमा करा.

आठवड्याभराने आणखी एक खूण उघडी पडते. खारं पाणी मुळाशी मुरलेलं गवत आणि झुडपं करपतात. उंचावरून पाहिलं तर पुराची हद्द तपकिरी पट्ट्यासारखी दिसते. पण वाऱ्याबरोबर उडालेल्या खाऱ्या तुषारांनीही पानं करपतात. ती करप झाडाच्या समुद्राकडच्या बाजूला, वरच्या फांद्यांवर असते आणि पाणी न पोहोचलेल्या टेकाडावरही दिसते. जमिनीलगतचं गवत मेलंय की फक्त शेंडा भाजलाय, हे खाली उतरून पाहिल्याशिवाय नकाशावर हद्द ओढू नका.

प्रत्येक खुणेला तिथेच दर्जा द्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची, पद्धत सोपी आहे. खूण दीड सेंटिमीटरच्या आत पक्की असेल तर उत्कृष्ट, ३ सेंटिमीटर तर चांगली, ६ तर बरी, १२ तर निकृष्ट, आणि त्यापलीकडे अतिनिकृष्ट. हा दर्जा खुणेचा असतो, तुमच्या उपकरणाचा नव्हे. आरटीकेने २ सेंटिमीटरपर्यंत मोजता आलं म्हणून वीतभर जाडीची कचऱ्याची रेघ चांगली होत नाही. आणि दर्जा संध्याकाळी खोलीवर बसून देऊ नका, संध्याकाळपर्यंत सगळ्याच खुणा आपल्याला बऱ्या वाटू लागतात.

खूण सापडली की क्रम ठरलेला ठेवा. दुरून एक फोटो, ज्यात घर आणि आजूबाजूचं ओळखू येईल. मग जवळून, टेप लावलेली. खुणेशी आडवी रेघ आणि तारीख, घरमालकाची हरकत नसेल तर पक्क्या मार्करने. बाहेर खांबावर असेल तर खिळा आणि टॅग. शेजारी कुठल्या पृष्ठभागावर आहे, आत की बाहेर, तोंड कोणत्या दिशेला, स्थिर पाणी की लाट, दर्जा, आणि कुणी दाखवली की आपणच शोधली. एका वस्तीत अशा सात-आठ चांगल्या खुणा मिळाल्या तर त्या पन्नास साधारण खुणांपेक्षा जास्त उपयोगी. त्या समुद्रापासून आतपर्यंत पसरलेल्या असाव्यात, एकाच गल्लीतल्या नसाव्यात.

छपराखाली जीएनएसएसला उपग्रह दिसत नाहीत आणि भिंतीजवळ परावर्तित सिग्नलमुळे उंची हलते. म्हणून अंगणात, मोकळ्या आकाशाखाली, एक पक्का बिंदू ठरवा. त्याची उंची जीएनएसएसने घ्या आणि तिथून आत खुणेपर्यंत ऑटो लेव्हल (आडवी नजर देणारी दुर्बीण) आणि स्टाफने (मापाच्या खुणांची उभी पट्टी) उंची न्या. लेव्हल जुनी वाटेल, पण वीस मीटरच्या अंतरात तिच्याइतकं खात्रीचं काही नाही. समजा अंगणातला बिंदू ३.४२ मीटर, त्यावरून उंबरा ०.३१ मीटर वर, आणि आतल्या काचेवरची रेघ उंबऱ्यापासून ०.५६ मीटर. म्हणजे पातळी ४.२९. शेजारच्या घरात ४.३४ आली. पलीकडच्या गोदामात ४.२६. आणि समुद्राकडच्या कुंपणावरचा कचरा ५.१०. पहिल्या तिघांवरून त्या भागातली स्थिर पातळी ४.३ च्या आसपास होती असं म्हणता येतं, आणि कुंपणावरचा आकडा लाट सुमारे ८० सेंटिमीटर वर गेली हे सांगतो. चौथ्या घरात ४.९० आली असती तर मी आधी ते घर समुद्राकडून किती उघडं आहे ते पाहिलं असतं, दार फुटून लाट थेट आत आली होती का ते विचारलं असतं, आणि मगच त्या आकड्याचं काय करायचं ते ठरवलं असतं.

आता शून्य. जीएनएसएस जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. या दोहोंतला फरक जगात कुठे उणे शंभर मीटरच्या पलीकडे तर कुठे अधिक ऐंशीच्या आसपास आहे. योग्य जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटी लंबगोलाच्या कुठे किती वर-खाली आहे ते सांगणारा तक्ता) लावून तो काढावा लागतो. त्यापुढे समुद्रसपाटीची उंची आणि तिथल्या भरती-ओहोटीच्या पातळ्या यांचं नातं जोडावं लागतं. न्यूयॉर्कच्या बॅटरी इथल्या मापकावर २०१२ च्या सँडी वादळात पाणी किती चढलं? सरासरी नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलं तर १४.०६ फूट, देशाच्या जमिनीवरच्या उंची-संदर्भापासून सुमारे ११.३ फूट, आणि वादळ नसतं तर त्या वेळी जेवढं पाणी असतं त्यापेक्षा सुमारे ९.४ फूट जास्त. एकच पाणी, एकच मापक, तीन आकडे. बातमीत यातला कुठला आला आहे हे कळल्याशिवाय त्याची तुमच्या ४.३ मीटरशी तुलना करता येत नाही.

म्हणून लंबगोलापासूनची मूळ उंची कधीही फेकू नका. रूपांतरित आकड्यासोबत तीही ठेवा, कोणतं जिऑइड मॉडेल लावलं तेही लिहा. उद्या नवं, सुधारलेलं मॉडेल आलं तर सगळं पुन्हा काढता येतं. बेस स्टेशनची (संचातला एका जागी स्थिर ठेवायचा रिसीव्हर) स्थिती पहिल्या दिवशीच निदान चार तास, जमल्यास त्याहून जास्त, स्थिर निरीक्षणाने पक्की करा आणि मूळ फाइली जपा. मोबाइल नेटवर्क वादळात गेलेलं असतं, त्यामुळे नेटवर्कवरून येणाऱ्या दुरुस्त्यांवर विसंबून जाऊ नका. निघण्यापूर्वी रोज तोच एक बिंदू मोजा, आल्यावर पुन्हा मोजा. त्यात ३-४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर त्या दिवसाच्या कामाबद्दल शंका घ्या. आणि भरतीमापक नाही म्हणता, तर निदान एक शांत दिवस पाहून धक्क्यावर किंवा खांबावर पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी, एक पूर्ण भरती-ओहोटी होईपर्यंत मोजून ठेवा. तुमच्या शून्याचं स्थानिक समुद्राशी नातं जोडायला तेवढंही उपयोगी पडतं.

पुढच्या वादळाआधी दाब मोजणारे छोटे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं) पाइपात घालून खांबांना बांधून ठेवता आले तर फारच चांगलं. सँडीपूर्वी यूएसजीएसने व्हर्जिनियापासून मेनपर्यंत २२४ ठिकाणी असे संवेदक लावले होते, आणि तरीही नंतर साडेनऊशेहून अधिक खुणा मोजल्या. लॉगर वेळ देतो, खूण विस्तार देते. फक्त हवेचा दाब मोजणारा एक लॉगर कोरड्या जागी ठेवायला विसरू नका. वादळात दाब ४० हेक्टोपास्कलने उतरला आणि ती दुरुस्ती केली नाही, तर पाणी ४० सेंटिमीटरने कमी दिसेल.

लोकांशी बोलणं हा या कामाचा सगळ्यात समृद्ध भाग आहे, आणि सगळ्यात घाईत उरकला जाणाराही. खूण फक्त कमाल पातळी सांगते. पाणी कधी यायला लागलं, हळूहळू चढलं की एकदम आलं, समुद्राकडून आलं की मागच्या खाडीतून, एकदा चढलं की दोनदा, किती वेळ राहिलं, हे माणसंच सांगतात. फिलिपिन्समध्ये २०१३ च्या हैयान वादळात पूर्व समार प्रांतातल्या हर्नानी गावावर पाण्याची भिंतच्या भिंत त्सुनामीसारखी चालून आली. एका रहिवाशाने ते चित्रित केलं होतं. प्रवाळाच्या उथळ कट्ट्यावर लाटांच्या झुंडी फुटून मिनिटा-मिनिटांच्या लांब लाटा तयार झाल्या, हे कारण नंतर उलगडलं. नुसत्या फुगवट्याच्या हिशेबात ते कधी बसलंच नसतं. भिंतीवरची रेघ हे सांगू शकत नाही.

प्रश्न मोकळे विचारा. ‘पाणी कमरेपर्यंत होतं ना?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणतो. त्यापेक्षा ‘तुम्ही कुठे उभे होता? तिथे उभं राहून पाणी कुठवर होतं ते दाखवता का?’ असं विचारा, आणि त्यांनी दाखवलेली उंची त्याच जागी टेपने मोजा. ‘गुडघाभर’ प्रत्येकाचं वेगळं असतं. वेळ विचारताना घड्याळापेक्षा घटना धरा: वीज गेली त्याआधी की नंतर, अंधार पडला होता का, कुणाला फोन केला होता का. फोनमधल्या फोटो-व्हिडिओंमध्ये वेळ नोंदलेली असते. मात्र मेसेजिंग अॅपवरून आलेल्या फोटोत ती बहुधा पुसलेली असते, म्हणून मूळ फोनमधली फाइल बघा. व्हिडिओत पाण्याखाली किती पायऱ्या गेल्यात ते मोजून नंतर त्या पायऱ्यांची लेव्हल घेतली की वेळेसकट पातळी मिळते. अशी दोन-तीन निरीक्षणं मिळाली तर पाणी कसं चढलं त्याचा जवळपास आलेखच हाती येतो.

समोरच्या माणसाचं घर गेलेलं असतं, कदाचित घरातलं कुणी गेलेलं असतं, हे विसरू नका. आधी आपण कोण, कशासाठी आलो, नुकसानभरपाई ठरवणं आपल्या हातात नाही, हे स्पष्ट सांगा. नाही म्हणाले तर पुढच्या घरी जा. गरज नसेल तिथे नाव लिहू नका. वस्तीतल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. तो दार उघडून देतो, आणि कुठली रेघ गेल्या वर्षीच्या पुराची आहे, कुठली या वादळाची, हेही सांगतो. जुन्या पुराच्या रेघा नव्या म्हणून मोजल्या जाणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

पाणी खारं होतं की गोडं, तेही तपासा. वादळाबरोबर मुसळधार पाऊस येतो, आणि नदी-ओढ्याच्या मुखाशी पावसाचा पूर आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळतात. डबक्यातलं, खड्ड्यातलं, विहिरीतलं पाणी विद्युतवाहकता-मापकाने मोजा. समुद्राचं पाणी दर सेंटिमीटरला ५०,००० मायक्रोसिमेन्सच्या आसपास, तर गोडं पाणी सहसा काहीशेंच्या घरात असतं. पुढे पाऊस पडला की खारेपणा पातळ होतो, तेव्हा हेही पहिल्या दिवसांतच उरका. विहिरींचे आकडे वस्तीला लगेच सांगा, पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांना आजच सोडवायचा असतो.

आणि कोरड्या जागा नोंदवा. ‘या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, उंची ४.६१’ ही नोंद भिजलेल्या भिंतीइतकीच मोलाची आहे. मॉडेल तपासणाऱ्याला पाण्याची वरची मर्यादा त्यावरूनच मिळते. ती कुणी लिहीत नाही, कारण कोरड्या घरासमोर आपण थांबतच नाही.

आता किनारा. इथे पहिला प्रश्न: किनारा म्हणजे कोणती रेघ? पाण्याची कड, भरतीची ओली रेघ, वनस्पतींची कड, वाळूच्या टेकडीचा पायथा, कड्याचा माथा, यातली प्रत्येक वेगळं उत्तर देते. पाण्याची कड धरली तर सपाट पुळणीवर फसगत ठरलेलीच. १ः२० उताराच्या पुळणीवर भरतीच्या पातळीत १ मीटरचा फरक असला की ती कड २० मीटर सरकते, एक कणही वाळू न हलता. वादळाआधीचं उपग्रहचित्र ओहोटीचं आणि नंतरचं भरतीचं निघालं तर २० मीटर धूप झाल्याचा अहवाल तयार होतो, आणि असे अहवाल बनतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा एक पिक्सेल १० मीटरचा, लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा. मोठ्या विस्तारासाठी आणि जुन्या दशकांच्या तुलनेसाठी ही चित्रं उत्तम, पण घरामागचा ४ मीटरचा तुकडा गेला की नाही हे त्यांना विचारू नका. मी शक्यतो वनस्पतींची कड किंवा कड्याचा माथा धरतो. जुन्या हवाई छायाचित्रांतही त्या रेघा ओळखता येतात.

पुळण आणि कडा यांचा स्वभाव वेगळा. वादळ पुळणीची वाळू ओढून समोरच्या, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेऊन ठेवतं, आणि शांत लाटा ती पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत पुष्कळशी परत आणतात. म्हणून पुळणीची मापं लवकर घ्यायला हवीत, उशीर केला तर वादळाची धूप नव्हे, तर सावरलेली पुळण मोजाल. हाच तो अपवाद. मातीचा किंवा गोठलेल्या जमिनीचा कडा मात्र एकदा गेला की गेला. शिवाय तो वादळानंतरही पडत राहतो: लाटांनी पायथा कोरलेला असतो, वरचा भाग अधांतरी लटकत असतो आणि दिवस-आठवड्यांनी कोसळतो. त्यामुळे कड्याचं पहिलं माप अंतिम समजू नका, महिन्याने पुन्हा घ्या. आणि माथ्याच्या कडेवर उभं राहून माप घेऊ नका. खाली पोकळी असते आणि वरून ती दिसत नाही.

पुळणीसाठी किनाऱ्याला काटकोनात रेषा ठरवा, वस्तीमागे पाच-सहा पुरे. प्रत्येक रेषेची सुरुवात आतल्या पक्क्या बिंदूपासून करा, म्हणजे पुढच्या वर्षीही तीच सापडेल. ओहोटीच्या वेळी जीएनएसएस घेऊन कंबरभर पाण्यापर्यंत जा. उतार जिथे बदलतो तिथे बिंदू घ्या, ठरावीक अंतराने नव्हे. संच एकच आहे म्हणून अडू नका. एमरी यांनी १९६१ मध्ये सुचवलेली दोन काठ्यांची पद्धत आजही चालते. दीड-दीड मीटरच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या. समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती नजर जमिनीकडच्या काठीला वरून जितक्या सेंटिमीटरवर छेदते तितका उतार. वस्तीतली दोन मुलंसुद्धा अर्ध्या तासात शिकतात.

वाळूच्या टेकडीवरून पाणी पलीकडे गेलं का, हेही पाहा. लाटा नुसत्या पुळणीवरच राहिल्या, टेकडीच्या पायथ्याला आदळल्या, माथ्यावरून मागे वाळू फेकत गेल्या, की अख्खी टेकडीच पाण्याखाली बुडाली, या चार पायऱ्यांपैकी कोणत्या रेषेवर कोणती गाठली ते लिहा. मागे पडलेल्या वाळूच्या थरात जागोजागी खड्डा खणून जाडी मोजा. खालचं जुनं गवत चेपलेलं सापडतं, तोच वादळापूर्वीचा पृष्ठभाग. घरांच्या, खांबांच्या पायाशी किती खोल खरवडलं गेलंय तेही मोजा, पण पाणी उतरताना ते खड्डे काही प्रमाणात पुन्हा भरतात हे लक्षात ठेवा.

ड्रोनची पाळी आता. बचावाची हेलिकॉप्टरं फिरत असतील तोवर उडवायचा नाही, परवानगी असली तरी. ओहोटीला, ऊन फार डोक्यावर नसताना, फोटो एकमेकांवर ७५ ते ८० टक्के येतील असे घ्या. जमिनीवर नियंत्रणाच्या खुणा (जीएनएसएसने जागा मोजलेल्या, फोटोत दिसणाऱ्या खुणा) टाकताना सगळ्या एका रांगेत, किनाऱ्याला समांतर टाकायचा मोह होतो, कारण जागा लांबट असते. तसं केलं तर फोटोंवरून तयार होणारं जमिनीचं त्रिमितीय मॉडेल आडव्या दिशेत कलतं. कडा, पायथा, मागची बाजू, सगळीकडे पसरा, आणि चार-पाच खुणा मॉडेलला न देता फक्त तपासणीसाठी राखून ठेवा. नुसते सरळ खाली पाहणारे फोटो घेतले तर मध्यभागी घुमटासारखा फुगवटा येऊ शकतो, काही तिरके फोटो घातले की तो बराच कमी होतो. ओली, चकाकणारी वाळू आणि पाणी यांच्यावरच्या उंचीवर विश्वास ठेवू नका, तो भाग कापून टाका.

वादळाआधीच्या आणि नंतरच्या पृष्ठभागांची, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या नकाशांची, वजाबाकी करून मिळणारा रंगीत नकाशा फार देखणा असतो, म्हणूनच जपून. आधीच्या पृष्ठभागात १५ सेंटिमीटरची आणि नंतरच्यात १० ची अनिश्चितता असेल तर वजाबाकीत ती सुमारे १८ ची होते, आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी बदलाबद्दल बोलायला नको. घनफळात तर छोटी पण सगळीकडे सारखी असलेली चूक फार मोठी होते: २०० मीटर लांब, २० मीटर रुंद पट्ट्यावर १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे ४०० घनमीटर वाळू, जी कुठेही गेलेली नाही. रस्ता, काँक्रीटचा धक्का, जुन्या इमारतीचा चौथरा, जे हललेलं नाही ते दोन्ही पृष्ठभागांत सारखंच येतं का ते आधी पाहा.

सहा वस्त्या आणि तीन माणसं, म्हणजे सगळीकडे सगळं होणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरात मेरबॉक वादळाच्या अवशेषांनी अलास्काचा सुमारे १,६०० किलोमीटर किनारा झोडपला. विरळ वस्ती, मापक मोजके, विमानाशिवाय पोहोचता न येणारी गावं. अशा ठिकाणी गावकऱ्यांनी पहिल्या दिवशी फोनवर काढलेले फोटो हाच मुख्य पुरावा असतो. तुम्हीही आजच, निघण्याआधी, सहाही वस्त्यांत निरोप पाठवा: भिंत धुण्यापूर्वी रेघेचा फोटो काढा, रेघेशी पेन्सिलने खूण करा, फरशीपासून किती वर आहे ते लिहून ठेवा. मग ज्या वस्तीत सर्वात जास्त साफसफाई चालू आहे तिथे आधी पोहोचा. दोघं खुणांवर, एक जण लोकांशी बोलायला. पुळण असेल तिथे त्याच दिवशीच्या ओहोटीला दोन रेषा तरी मोजून घ्या.

जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत कड्यापासून मागे दोन पक्के खुंट, कड्याला काटकोनात एका रेषेत, ठोकून द्या. पुढच्या खुंटापासून कड्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि वही कुणाच्या तरी ताब्यात द्या. दर महिन्याला आणि प्रत्येक वादळानंतर एक माप, एवढंच. कडा पुढच्या खुंटाजवळ आला की मागच्या खुंटापासून मोजायचं. अहवाल तयार झाला की त्याचा छापील नकाशा परत घेऊन जा. त्यात पाण्याची पातळी मीटरमध्ये असेलच, पण सोबत ‘शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत’ असंही लिहा. घरनिहाय खुणा छापताना घरमालकांची ओळख मात्र काढून टाका. ती यादी विमा आणि जमिनीच्या व्यवहारात कुणी कशी वापरेल हे आपल्या हातात नसतं.